टेक्लाने हँडब्रेक ओढला होता

टेक्ला पेट्रुनाक माझ्या समोरच्या घरात राहते. छत्तीस वर्षं आम्ही एकमेकींच्या खिडक्यांत बघत आलोय. या काळात मी तिला खुर्चीत टेकून बसलेलं मोजून दहा वेळा पाहिलं असेल. कॉफी ती उभ्याने पिते. चर्चमध्ये मागच्या दाराशी उभी राहते. फोनवर बोलताना स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात फेऱ्या घालते. आमच्या पेन्सिल्व्हेनियातल्या या डोंगराळ गावात घरांपेक्षा उतार जास्त, त्यामुळे तिच्या पोटऱ्या सायकलवाल्यासारख्या झाल्या आहेत.

सव्वीस वर्षं ती जिल्ह्याच्या बस गॅरेजमध्ये ब्रेकचं काम करत होती. तिच्या एकोणसाठाव्या वर्षी गॅरेज बंद झालं. निरोपाचा केक खाऊन ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता माझ्या दारात उभी.

"तुझ्याकडे काही बिघडलंय का?"

"नाही गं."

"नीट बघ. काहीतरी असेलच."

महिनाभरात तिने माझ्या दाराच्या बिजागऱ्या, वॉशिंग मशीन आणि शेजारच्यांची पन्हळ दुरुस्त करून टाकली. गल्लीत दुरुस्त करायला काही उरेना तेव्हा ती तिच्या वडिलांच्या पिकअपकडे वळली. एकाहत्तर सालची, हिरवी, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. वडील गेल्यापासून घरच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली होती.

गाडी चालू व्हायला अडचण नव्हती, अडचण थांबायला होती. वरच्या पठारावरून गावात यायला सात मैलांचा सलग उतार आहे. मागच्या चाकांना जुने ड्रम ब्रेक, फिरत्या डब्याला आतून दाबणारे. चौथ्या मैलाला ते तापून ढिले पडायचे आणि पेडल खाली जायला लागायचं. टेक्लाने ठरवलं, मागे डिस्क, म्हणजे चकतीचे ब्रेक बसवायचे. जुन्या गाड्यांचे शौकीन हे सर्रास करतात आणि त्याचं तयार सामान मिळतं. फेब्रुवारीत दोन खोकी आली.

डिस्क बसवायला तिला दीड दिवस लागला. पण हँडब्रेकच्या केबल्सनी तिचे अकरा दिवस खाल्ले. जुन्या केबल्स ड्रमच्या आत शिरायच्या. आता त्यांना ड्रमच नव्हता. चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो कॅलिपर असतो, त्याच्या पाठीवरच्या छोट्या दांड्याला त्या जोडायच्या होत्या. जुन्या केबल्स लांब पडत होत्या, त्यांची टोकंही वेगळी. मग तिने नव्या मागवल्या, स्वतः कापल्या, टोकं बसवली. सायलेन्सरच्या नळीपासून लांब ठेवायच्या, चाक वरखाली झालं तरी ताण पडता कामा नये, कुठे घासता कामा नये. ती गाडीखाली आडवी आणि मी आत बसून हँडब्रेकचा दांडा ओढणार, अशी आमची वाटणी.

"ओढ. सोड. परत ओढ. किती टिकटिक झाल्या?"

"आठ."

"सहा पाहिजेत. सोड."

मला वाटायचं, केबल आणखी ताणली की झालं. एकदा बोललेही तसं. ती खालून म्हणाली, "तेच तर सगळे करतात. केबल ताणून ठेवली की तो छोटा दांडा पूर्ण मागे जात नाही, आणि ब्रेक दिवसभर घासत राहतो. आधी कॅलिपर जुळवायचा. केबल शेवटी, आणि जेमतेम."

अकराव्या दिवशी सहाव्या टिकटिकीला चाकं घट्ट धरली. दांडा सोडल्यावर दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरली. टेक्ला गाडीखालून बाहेर आली, केबल्स आखूड आणि सरळ, कुठे लोंबकळत नव्हत्या. तिने मला वाकून बघायला लावलं. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण काम देखणं होतं.

मार्चमध्ये ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू झाले. त्या दिवसांत दर शुक्रवारी आम्ही बायका चर्चच्या हॉलमध्ये बटाट्याचे पिरोगी, उकडलेल्या करंज्यांसारखे, करतो आणि अर्धं गाव रांग लावून घेऊन जातं. त्या शुक्रवारी दुपारी बटाटे संपले. टेक्ला पिकअप घेऊन पठारावरच्या शेतावर गेली आणि सहा पोती घेऊन तीनच्या सुमारास परत आली. हॉलच्या वरच्या अंगाला गाड्या लावायची उतरती जागा आहे, तिथे तिने गाडी लावली. पोती आम्ही दोघींनी आत नेली. ती हात धुऊन कणीक लाटायला लागली. उभ्यानेच.

अर्धा तास झाला नसेल. बाहेर कोणीतरी जोरात ओरडलं आणि पाठोपाठ लोखंडावर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. हिरवी पिकअप उतारावरून आपोआप खाली आली होती, इंजिन बंद, आत कोणी नाही. रांग बाजूला पळाली. रांगेच्या टोकाला मिस्टर टिरपाक होते. वय अठ्ठ्याहत्तर, कानाने कमी ऐकू येणारे, हातात रिकामं पातेलं. ते वळले तोवर गाडीने त्यांना पायऱ्यांच्या कठड्याशी गाठलं होतं. डाव्या पायाची नडगी दोन ठिकाणी मोडली.

आमच्या गायकवृंदातला एकजण पिकअपमध्ये उडी मारून चढला होता आणि हाताला लागेल ते ओढून, पायाला लागेल ते दाबून बसला होता. पोलिसाने आल्यावर त्याला विचारलं, दांडा आधी वर होता की खाली?

"मी ओढला, एवढं आठवतं," तो म्हणाला. "आधी कुठे होता ते नाही सांगता येणार."

गिअर न्यूट्रलमध्ये होता. ती टेक्लाची जुनी सवय. बस उभी करताना न्यूट्रल करायचं आणि पार्किंग ब्रेक लावायचा, सव्वीस वर्षं हेच. पोलिसाने लिहिलं, ब्रेक लावायचा राहून गेला असावा. गावानेही तेच धरलं. कोणी वाईट बोललं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. वाण्याच्या दुकानात बाया तिच्या दंडावर हात ठेवून म्हणायच्या, "होतं गं असं कधी कधी. आपलंही वय झालं."

टेक्लाला आठवत होतं की तिने दांडा ओढला. सहा टिकटिकी ऐकल्या होत्या. पण तिच्या आईलाही सगळं आठवत असायचं. आईच्या विसरण्याची सुरुवात एकसष्टाव्या वर्षी झाली होती. सपाता ओव्हनमध्ये ठेवायची आणि शपथेवर सांगायची की पलंगाखाली ठेवल्यात. टेक्ला आणि तिची धाकटी बहीण डोडी, दोघींनी नऊ वर्षं ते निभावलं होतं. त्यामुळे डोडी पुढच्याच रविवारी आली, कोट न काढताच म्हणाली, "मी डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"कशाला?"

"कशाला ते तुला माहितीय."

"डोडी, मी ब्रेक ओढला होता."

"आई पण असंच म्हणायची."

टेक्लाने हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. मग म्हणाली, "गाडीत जाऊन बस. दोन मिनिटांत येते." आणि तिच्याबरोबर गेली. डॉक्टरांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. सगळं बरोबर आलं. परतल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "घड्याळ काढता येतं म्हणून ब्रेक ओढला होता हे कुठे सिद्ध होतं?"

त्यानंतर तिचं फिरणं वाढलं. आधी ती कामासाठी फिरायची, आता नुसतीच. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायची, परत येऊन कुलूप ओढून बघायची. शेगडी बंद आहे का बघायला माझ्याकडून अर्ध्या कपावरून उठून जायची. एकदा तर माझ्या शेगडीची बटणंही तपासून गेली. मी हसले नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं.

आणि रोज पिकअप. कठड्याला धडकून पुढचा बंपर वाकला होता, बाकी गाडी ठीक होती. केबल्स जशा लावल्या होत्या तशाच, कुठे सुटलं नव्हतं, घासलं नव्हतं. ती आमच्या गल्लीच्या सगळ्यात उभ्या टप्प्यावर गाडी लावायची, चाकांच्या पुढे वीतभर अंतर सोडून लाकडाचे ठोकळे ठेवायची, दांडा सहा टिकटिकींपर्यंत ओढायची आणि समोर उभी राहून बघत राहायची. तास, दोन तास. एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गाडी तसूभर हलली नाही.

"बघ," ती मला म्हणाली. "धरते. उत्तम धरते. म्हणजे मी ओढलाच नव्हता."

ते बोलताना तिचा आवाज इतका साधा होता की मला भीती वाटली.

असे सहा आठवडे गेले. मे महिन्यात एका सकाळी मी तिच्या अंगणात कॉफी घेऊन बसले होते, ती फेऱ्या मारत होती. तो शुक्रवार ती मला शंभराव्यांदा सांगत होती. गाडी लावली, दांडा ओढला, उतरले, पोती काढली.

"ती पोती काय जड होती," मी म्हणाले. "माझी पाठ आठवडाभर दुखत होती. तू सात मैल उतार एवढं ओझं घेऊन कशी आलीस कोण जाणे."

टेक्ला थांबली. खरंच थांबली, दोन्ही पाय जमिनीवर.

"मी वरून आले होते," ती म्हणाली.

"हो मग. शेत वरच आहे."

"अगं, इथे मी गाडी गॅरेजमधून काढते आणि वीस पावलांवर लावते. ब्रेक थंडगार असतात. त्या दिवशी तापलेले होते." कप माझ्या हातातून घेऊन तिने पायरीवर ठेवला. "चल."

शेतावरून आम्ही पुन्हा सहा पोती घेतली, या वेळी बियाण्याच्या बटाट्यांची, उसनी. उतरताना तिने त्या दिवशीसारखाच ब्रेक वापरला. खाली येईपर्यंत मागच्या चाकांकडून जळकट वास यायला लागला. हॉलची जागा सोमवारी रिकामी असते. तिथेच, पार्किंगच्या त्याच रेघेवर तिने गाडी लावली. न्यूट्रल. सहा टिकटिकी, मी मोठ्याने मोजल्या. मग तिने चाकांपुढे हातभर अंतरावर ठोकळे ठेवले, टायरवर आणि जमिनीवर खडूने एकच सरळ रेघ ओढली. पोती आम्ही त्या दिवशीसारखीच उतरवली. माझ्या पाठीने निषेध केला, पण मी गप्प बसले.

मग वाट बघणं. दहा मिनिटं काहीच नाही. ती गाडीभोवती फिरत होती, वाकून रेघ बघत होती, परत फिरत होती. पंधरा मिनिटांनी मी म्हणाले, "बस जरा."

"तू बस."

एकोणिसाव्या मिनिटाला गाडीच्या पोटातून बारीक करकर ऐकू आली. खडूची रेघ तुटली होती. टायरवरचा तुकडा बोटभर पुढे सरकला होता. पुन्हा करकर. तेविसाव्या मिनिटाला गाडी सुटली आणि ठोकळ्यांवर जाऊन धप्प अडली.

टेक्ला आत डोकावली. दांडा वरच होता, सहाव्या टिकटिकीवर, कोणी हात लावला नव्हता. मग ती गाडीखाली शिरली आणि केबलला बोट लावलं. लावताना तारेसारखी ताठ असलेली केबल आता दाबली की हलत होती.

ती बाहेर आली आणि गाडीच्या पायरीवर बसली.

"मी ओढला होता," ती म्हणाली.

जरा वेळाने तिने मला समजावलं, जास्त स्वतःलाच. ड्रम तापला की फुगतो. गाडी उभी करून ब्रेक लावलात की निवताना तो आकसतो आणि आतल्या ब्रेकवर आणखी आवळला जातो. म्हणजे ड्रमची गाडी उभी राहिली की पकड वाढतच जाते. सव्वीस वर्षं तिने ड्रमच हाताळले होते. डिस्कचं उलटं. तापलेली चकती जाड असते, निवताना ती बारीक होते, आणि चिमटा सैल पडतो. जुन्यासारखी लांब, थोडी लवचिक केबल असती तर तिने तेवढं सैलपण भरून काढलं असतं. टेक्लाच्या केबल्स आखूड, सरळ, ताठ. त्यांच्यात द्यायला काहीच नव्हतं.

"मी इतक्या छान बसवल्या," ती म्हणाली.

त्याच दुपारी ती मिस्टर टिरपाकांकडे गेली. ते अजून शुश्रूषागृहात होते, पाय उशीवर, कानातलं यंत्र टेबलावर. मी बरोबर होते, कारण तिने एकटीने जायला नको असं मला वाटलं. त्यांनी यंत्र कानात घालेपर्यंत ती पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"मिस्टर टिरपाक, ब्रेक लावायचा राहिला नव्हता. मी लावला होता. तो सुटला. बसवला मी, त्यामुळे चूक माझ्या कामाची." आणि तिने सगळं सांगितलं, चकती, केबल, तेवीस मिनिटं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. बत्तीस वर्षं ते पोलाद कारखान्यात भट्टीवर होते, तापलेलं लोखंड निवताना काय करतं हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"म्हणजे चूक हातांची. डोक्याची नाही," ते म्हणाले.

"हो."

"आणि तुला बरं वाटलंय."

 टेक्लाचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"खरं सांग, पोरी. मी इथे पाय वर करून पडलोय, खोटं ऐकायला मला वेळ आहे, पण इच्छा नाही."

"वाटलंय," ती म्हणाली. "गाडी सुटली तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मला माझीच लाज वाटली."

मिस्टर टिरपाकांनी छताकडे बघितलं. "तुझा पाय मोडला याचा मला आनंद आहे, असं तोंडावर येऊन सांगणारी तू पहिलीच."

"तसं नाही."

"तसंच आहे जवळजवळ. असू दे. तुझ्या आईला मी शेवटच्या वर्षी बघितलंय. चर्चमध्ये मला तिचा भाऊ समजून माझा हात धरून बसायची." त्यांनी पायाखालची उशी सरळ केली. "मी रागावलेला आहे, हे लक्षात ठेव. माझा भाजीचा वाफा या वर्षी तसाच पडला. पण तू येत जा. मंगळवारी मला व्यायामाच्या बाईकडे नेतात, ते सरकारी गाडीची वाट बघणं नको वाटतं. तू ने. त्या हिरव्या गाडीतून नाही."

मग दर मंगळवारी ती डोडीची मोटार मागून त्यांना नेऊ लागली. वाफ्यात उशिरा का होईना, टोमॅटो आणि कोबी तिने लावले. घरी परतल्यावर ते खिडकीतून ओरडून सांगायचे, रोपं जवळ पडतायत, आणि ती उपटून परत लावायची.

डोडीलाही तिने हॉलच्या उतारावर नेऊन ते दाखवलं. डोडी बावीस मिनिटं उभी होती, तेविसाव्याला गाडी ठोकळ्यावर आली तेव्हा रडायला लागली. "मला वाटलं, परत तेच नऊ वर्षं," ती म्हणाली. टेक्लाने तिच्या पाठीवर थाप मारली, बसला निघायचा इशारा देताना मारतात तशी.

जुलैत तिने ते कॅलिपर काढून टाकले. दुसऱ्या प्रकारची डिस्क घेतली, जिच्या पोटात हँडब्रेकसाठी वेगळा छोटा ड्रम असतो. पुन्हा नव्या केबल्स, या वेळी लांब आणि मधे ताण धरून ठेवणारी स्प्रिंग. या वेळी सतरा दिवस लागले. मग पोती भरून पठारावरून खाली, उतारावर उभी, खडूची रेघ, दोन तास. असं तिने बारा वेळा केलं. रेघ तुटली नाही. तरीही ती आता गाडी गिअरमध्ये टाकते, चाकं कडेला वळवते आणि ठोकळाही लावते.

ऑगस्टमध्ये गावात जुन्या गाड्यांचा मेळा भरतो. सगळे आपल्या गाड्या चकचकीत करून बॉनेट उघडून बसतात. टेक्ला प्रत्येकाकडे गेली. मागे डिस्क बसवलीय का? केबल कशी आहे? तापलेली गाडी उतारावर लावून कधी अर्धा तास बघितलंय? काहीजण हसले. एकाने विचारलं, "तुम्हीच ना त्या, ज्यांची गाडी चर्चच्या रांगेत घुसली?"

"मीच," टेक्ला म्हणाली. "म्हणून विचारतेय." आणि त्याच्या गाडीखाली वाकली.

त्या दिवशी तिघांनी तिला घरचा पत्ता विचारला. आता तिच्या अंगणात महिन्याला एखादी तरी जुनी गाडी मागचं अंग वर करून उभी असते.

कुलूप ओढून बघणं मात्र पूर्ण गेलं नाही. एखाद्या वस्तूचं नाव पटकन आठवलं नाही की ती बोलता बोलता थांबते आणि माझ्याकडे बघते. मी ते नाव सांगत नाही, वाट बघते. आजवर दर वेळी तिला ते आठवलंय. पुढच्या वर्षी ती साठ पुरी करेल. आईचं वर्ष त्याच्या पुढचं. आम्ही त्यावर बोलत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी मिस्टर टिरपाक काठी घेऊन चालायला लागले आणि त्यांनी फर्मान काढलं, पठारावर जायचं, झाडांचे रंग बघायचे, आणि हिरव्या गाडीतूनच. टेक्लाने तीन वेळा नाही म्हटलं. मग आम्ही तिघं पुढच्या एकाच लांब बाकावर दाटीवाटीने बसून गेलो. वर शेताच्या कडेला तिने गाडी लावली. गिअर, चाकं वळवून, ठोकळा, दांडा. मिस्टर टिरपाक आतच बसले, काच खाली करून. खाली सगळं रान तांबडं आणि पिवळं झालं होतं. मी सँडविचेस काढली.

टेक्ला गाडीला एक फेरी मारून आली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला तिने वाकून टायरला हात लावला.

"बस आता, पोरी," ते म्हणाले. "मी बघतोय ना."

ती पायरीवर बसली, सँडविच हातात घेतलं, दोन घास खाल्ले. चार मिनिटं झाली असतील. मग उरलेलं माझ्या हातात देऊन पुन्हा उठली.